टॅबची कळ वेळ वाचवण्यासाठी नाही (कमांड लाइनवर काम करणाऱ्यांसाठी)

उंबरठा

आमच्याकडे दरवर्षी कॉलेजातून नवी मुलं येतात. कंटेनर, क्लाउड, पायथन सगळं येत असतं. पण टर्मिनल उघडलं की अख्खा पाथ अक्षर न् अक्षर टंकतात, नाहीतर माउसने वरून उचलून खाली चिकटवतात. टॅब दाब, उरलेलं नाव मशीन पुरं करेल, म्हटलं की "हो माहितीये, टायपिंग वाचतं" असं उत्तर येतं आणि पुन्हा टंकणं चालू.

माझं म्हणणं असं, की टायपिंग वाचणं हा दुय्यम फायदा आहे. हात बसलेल्या माणसाला दहा अक्षरं जास्त टंकायला कितीसा वेळ लागतो? टॅबचं मुख्य काम म्हणजे एंटर मारण्याआधी मशीनला विचारून घेणं, की मी म्हणतोय ते तिथे आहे ना.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर करून बघा (कमांडा इथल्या नियमामुळे नागरीत लिहितोय, टंकताना रोमन). 'सीडी' (डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, बदलण्याची कमांड), मग स्लॅश, व्ही-ए, टॅब. 'व्हार' पूर्ण होऊन पुढे स्लॅश लागतो. आता एल-ओ टंकून टॅब दाबा. काहीच होत नाही, फार तर टुंग वाजतं. पुन्हा टॅब दाबलात की खाली तीन नावं येतात: लोकल, लॉक, लॉग. म्हणजे तुम्ही दिलेली माहिती अपुरी आहे. जी टंका, टॅब दाबा, 'लॉग' आणि स्लॅश. आत एपीए टंकून टॅब मारलात तर, अपाची हा वेब सर्व्हर बसवलेला असल्यास, 'अपाची२' मिळतं. आता 'सीडी'च्या जागी 'टेल' (फाइलीचा शेवट दाखवणारी कमांड) लिहून त्याच पाथच्या आत फाइलीचं पहिलं अक्षर टंकून टॅब दाबला आणि ढिम्म हललं नाही, तर ती गप्प बसणंही माहितीच आहे. डेबियनवर ती डिरेक्टरी रूट (सर्वाधिकारी युजर) आणि 'एडीएम' गटालाच उघडी असते, त्यामुळे साध्या युजरला आतलं दिसत नाही.

याच ठिकाणी बरेच जण गोंधळतात. ओळीच्या सुरुवातीला 'सुडो' (कमांड रूटच्या अधिकाराने चालवणारं) लावलं तरी टॅब तुमच्याच परवानग्यांनी बघतो, कारण कमांड अजून चाललेलीच नसते. म्हणजे 'सुडो टेल' नीट चालेल, पण टॅब नाव पुरं करून देणार नाही. मग पोरं म्हणतात टॅब बिघडलाय. त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो.

म्हणून टॅबने नाव पुरं केलं नाही की मी एंटर मारत नाही, आधी का केलं नाही ते बघतो. तुमचं काय? आणि तुमच्या शेलमध्ये (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम, म्हणजे बॅश वगैरे) काय वेगळं होतं तेही लिहा.


टिचकी

+१. गिट वापरणाऱ्यांना तर पर्यायच नाही. आमच्याकडे ब्रँचच्या नावात तिकीट नंबर, मॉड्यूल आणि वर अर्धं वाक्य असतं. 'गिट स्विच' म्हणायचं, तिकिटाचे पहिले आकडे, टॅब. नाव आलं नाही तर समजायचं की फेच केलेलं नाही, म्हणजे सर्व्हरवरून ती ब्रँच अजून आणलेली नाही. कुबरनेटिसवाल्यांची तीच गत, पॉडच्या नावामागची ती अगम्य शेपटी कोण टंकणार?

एक सूचना मात्र. 'कुबसीटीएल' या कुबरनेटिसच्या कमांडला 'के' असा एलियस, म्हणजे टोपणनाव, दिला की बॅशमध्ये टॅब बंद पडतो. कम्प्लीशन (टॅबने नाव पुरं करणं) मूळ नावाला बांधलेलं असतं, टोपणनावाला नाही. 'कम्प्लीट' या बिल्टइनने तेच फंक्शन 'के'लाही जोडून द्यावं लागतं. कुबरनेटिसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ती ओळ आयती आहे.


वर्गातला_फळा

शिकवणारा म्हणून थोडी विरुद्ध बाजू मांडतो.

मुलं टॅब वापरत नाहीत याचं एक कारण आम्हीच. आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कमांड हाताने लिहायच्या, परीक्षेत कागदावर लिहायच्या. कागदाला टॅब नसतो. त्यामुळे मुलांच्या डोक्यात कमांड म्हणजे पाठ करायचा मजकूर असं पक्कं बसतं.

पण पहिल्याच दिवशी टॅब शिकवावा असंही मला वाटत नाही. स्लॅशने सुरू होणारा पाथ आणि न होणारा पाथ यात फरक काय, हे हाताने चार वेळा चुकल्याशिवाय कळत नाही. टॅब लवकर हाती आला की पोरं आहे तिथूनच काहीतरी जुळेपर्यंत कळ बडवत बसतात. आपण कुठल्या डिरेक्टरीत उभे आहोत हे विचारलं तर सांगता येत नाही.


उंबरठा

@वर्गातला_फळा, सर, कळ बडवण्याबद्दल सहमत. बाकी नाही. सुरुवातीच्या आठवड्यात ज्याला "नो सच फाइल" वीस वेळा बघावं लागतं तो टर्मिनलचा कायमचा धसका घेतो. तेच टॅब दाबल्यावर नाव आलं नाही, तर निदान चूक कुठल्या स्लॅशपाशी झाली ते कळतं. एरर मेसेज अख्ख्या पाथकडे बोट दाखवून मोकळा होतो.


वर्गातला_फळा

हा मुद्दा मान्य. या टर्मला एका बॅचवर करून बघतो.


नवशिकी_अनू

सगळं डोक्यावरून गेलं. एक बाळबोध प्रश्न: टॅब दाबल्यावर कधी पूर्ण नाव येतं, कधी अर्धंच येऊन थांबतं, कधी काहीच होत नाही. यात काही नियम आहे की लहर?


टिचकी

@अनू, नियम आहे. पुण्यात कंडक्टरला नुसतं "शिव" म्हटलंस तर तो विचारणार, शिवाजीनगर की शिवणे? "शिवा" म्हटलंस तर तिकीट फाडणार. बॅश तसंच करतं. जुळणारं नाव एकच असेल तर पूर्ण. अनेक असतील तर सगळ्यांत जेवढं समान आहे तेवढं भरतं आणि थांबतं. समान असं पुढे काहीच नसेल तर आहे तिथेच थांबतं, मग दुसरा टॅब मारला की यादी देतं. यादी शंभरच्या वर गेली तर आधी "दाखवू का?" म्हणून विचारतं. रिकाम्या ओळीवर दोनदा टॅब दाबून बघ, सिस्टीमवरच्या सगळ्या कमांडा दाखवायला निघेल. एन म्हण आणि परत ये.


पाटीपेन्सिल

वरच्या उत्तरात "समान तेवढं भरतं आणि थांबतं" हे जे आहे ना, तिथेच धोका आहे. धाग्यात तो अजून कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

समजा एका डिरेक्टरीत दोन फोल्डर आहेत, 'यादी' आणि 'यादी-जुनी'. तुम्हाला जुनी उडवायची आहे. 'आरएम' या पुसण्याच्या कमांडला ते न विचारता सगळं उडवणारे जहाल पर्याय लावले, वाय टंकला, टॅब. समोर 'यादी' आलं. दोन्हींतला समान भाग तोच आहे, आणि तो स्वतःच एक खरंखुरं नाव आहे. घाईत एंटर गेला की चालू यादी गेली, जुनी तशीच शिल्लक.

वाचवणारी खूण शेवटी असते, पण ती बघावी लागते. बॅशला नाव एकमेव सापडलं तर ते फाइलीपुढे एक जागा सोडतं आणि डिरेक्टरीपुढे स्लॅश लावतं. कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटून उभा असेल तर काम अर्धवट आहे, अजून उमेदवार आहेत. नव्या माणसाला टॅब शिकवताना मी हेच आधी दाखवतो: नाव वाचू नकोस, नावाच्या मागे काय लागलंय ते बघ.

(डिरेक्टरीकडे जाणारी सिमलिंक, म्हणजे नुसता दुवा, असेल तर बॅश पहिल्या टॅबला स्लॅश लावत नाही, दुसऱ्याला लावतं. बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे.)


जुनाट_टर्मिनल

थोडा इतिहास, कारण बऱ्याच जणांना ही युनिक्सची देणगी वाटते. तसं नाही.

बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या अमेरिकन कंपनीने पीडीपी-१० मशीनसाठी टेनेक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम केली होती. तिच्यात अर्धी कमांड टंकून एस्केप दाबलं की उरलेली पूर्ण व्हायची आणि प्रश्नचिन्ह दाबलं की पुढे काय काय चालेल त्याची यादी यायची. म्हणजे उंबरठा म्हणतात ते "मशीनला विचारणं" तिथे शब्दशः होतं, प्रश्नचिन्हाच्या कळीवर. राउटरवर काम केलेल्यांना ही सवय ओळखीची वाटेल.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केन ग्रीअर यांनी १९७५ साली तशी फाइलनाव पूर्ण करणारी प्रणाली लिहायला घेतली आणि १९८१ मध्ये ती सी शेलमध्ये बसवली. तीच टीसीश, त्यातला 'टी' टेनेक्सचा. कमांडची नावं पूर्ण करण्याचा भाग १९८३ मध्ये माइक एलिस यांनी जोडला. टीसीशमध्ये आजही कंट्रोल-डी दाबलं की पर्यायांची यादी येते.

बॅश १९८९ चं, ब्रायन फॉक्स यांचं. टॅबचं काम करणारी रीडलाइन ही लायब्ररीही मुळात त्यांचीच, पुढे चेट रेमी यांनी सांभाळली. पण खरी मजा २००० साली बॅश २.०४ मध्ये आली. तोवर टॅबला फाइलीची, कमांडची, युजरची वगैरे नावं एवढंच माहीत होतं. २.०४ पासून कुठल्या कमांडपुढे काय सुचवायचं हे स्क्रिप्ट लिहून शिकवता यायला लागलं. टिचकींची ब्रँचची नावं त्या जोरावर येतात.


खिडकीबाहेर

विंडोजवाल्यांनी इथे फिरकायचं नाही का? ह. घ्या.

सीएमडी आणि पॉवरशेल या विंडोजच्या शेलमध्ये टॅब यादी देत नाही, एकेक नाव आळीपाळीने समोर आणतो. शिफ्ट-टॅबने उलटं फिरता येतं. पहिलं नाव आलं की तेच हवं होतं असं वाटून एंटर जातो, हा पाटीपेन्सिलांच्या धोक्याचा आमच्याकडचा अवतार. पॉवरशेलमध्ये कंट्रोल-स्पेस दाबा, सगळे पर्याय एकत्र दिसतात आणि बाणांनी निवडता येतात.


रोज_नवे

तुम्ही लोक अजून बॅशवरच? फिश हे शेल घ्या, टंकता टंकता करड्या अक्षरांत पुढची सूचना येते. शिवाय मॅन पेजेस (कमांडांची माहितीपानं) वाचून पर्यायांचं कम्प्लीशन स्वतःच तयार करतं. आणि आता तर एआय अख्खी कमांड लिहून देतं. टॅबवर एवढा मोठा धागा २०१० मध्ये शोभला असता.


उंबरठा

@रोज_नवे, फिश चांगलंच आहे. पण करडी सूचना मुख्यतः तुमच्या जुन्या कमांडांवरून येते. काल जे टंकलं ते आज पुन्हा टंकायचंय हा अंदाज. एआयचाही अंदाजच, फक्त जगभरच्या मजकुरावरून. बॅशच्या टॅबने दिलेलं फाइलीचं नाव या क्षणी त्या डिस्कवर आहे म्हणून आलेलं असतं. एआयने लिहिलेल्या कमांडमधला पाथ मी मिटवतो आणि टॅबने पुन्हा भरतो. दोन सेकंद लागतात.


पाटीपेन्सिल

यात एक बारीक दुरुस्ती. फाइलींच्या नावांबद्दल हे खरं. पर्यायांची, म्हणजे डॅश-डॅश वगैरेची यादी मात्र बहुतेक वेळा कुणीतरी लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टमधून येते आणि ती मूळ प्रोग्रामपेक्षा जुनी असू शकते. टॅबने दाखवला नाही म्हणून पर्याय नाहीच, असं समजू नये.


मधुमालती

मी आयटीतली नाही. घरी उबुंटू आहे, त्यात कुटुंबाची कागदपत्रं आणि गावच्या जमिनीचे उतारे स्कॅन करून ठेवलेत. नावं सगळी मराठीत, कारण घरातल्या सगळ्यांना सापडली पाहिजेत. भाच्याने टर्मिनल शिकवलं आणि टॅबही.

माझी अडचण. एका फोल्डरचं नाव आहे 'दुसऱ्या गटाचे उतारे'. 'दुस' टंकून टॅब दाबला की पूर्ण येतं. पण 'दुसऱ्या' एवढं टंकून दाबला की काही येत नाही. डोळ्यांसमोर नाव दिसतंय, अक्षर न् अक्षर तेच. भाचा म्हणतो आत्या तू चुकीचं टंकतेस. चुकीचं काय आहे?


अर्धा_र

मधुमालतीताई, चूक तुमची नाही. हा 'ऱ्य'चा घोळ आहे आणि तो आपल्या वाट्याचा, हिंदीवाल्यांना सहसा भेटत नाही.

'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो. एक: नुक्तावाला ऱ, हलन्त, य. दुसरा: साधा र, हलन्त, मग न दिसणारी जोडखूण म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. कुठला कीबोर्ड यातलं काय देईल त्याचा नेम नाही. तुमच्या फोल्डरचं नाव बहुधा फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून दिलं गेलंय आणि आता तुम्ही टंकताय तो प्रकार वेगळा आहे. लिनक्सवर टॅब नुसते बाइट जुळवतो, दिसतं कसं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'दुस'पर्यंत बाइट तेच म्हणून जुळलं, पुढे फाटे फुटले.

खात्री करायची तर 'एलएस'चा (नावांची यादी देणारी कमांड) निकाल 'एक्सएक्सडी'तून (बाइट दाखवणारी कमांड) काढा. ई२ ८० ८डी हे तीन बाइट एकामागोमाग दिसले तर जोडखूण आहे. सगळी नावं एकाच प्रकारात बदलून घेतली की कटकट संपते. कुठला प्रकार ठेवायचा ते घरात सगळ्यांचे कीबोर्ड बघून ठरवा.

देवनागरी नावांची आणखी एक गंमत. एका फोल्डरात 'पत्र' आणि 'पत्ता' असतील तर टॅब 'पत्' एवढ्यावर, हलन्तावर थांबतो. विचित्र दिसतं, पण बरोबर आहे, पुढे नुसता र टंका. मात्र बऱ्याच टर्मिनलांना जोडाक्षरांची रुंदी नीट मोजता येत नाही, त्यामुळे कर्सर एक-दोन घरं भलतीकडे दिसतो. तेव्हा पाटीपेन्सिलांची शेवटची खूण डोळ्यांनी पकडणं अवघड जातं. माझा उपाय: नावाच्या सुरुवातीला इंग्रजी आकडे. ०१, ०२ असे क्रमांक इंग्रजी आकड्यांत दिले की कीबोर्ड न बदलता दोन आकडे आणि टॅब, पुढचं मराठी आपोआप.


मधुमालती

बघितलं. ई२ ८० ८डी सापडलं! भाच्याला फोन करते.


नवशिकी_अनू

हाहा. भाच्याची खैर नाही.


डिस्कभर

सर्वात महत्त्वाचं राहिलंय, टॅबने लावलेला स्लॅश. बहुतेक ठिकाणी तो निरुपद्रवी आहे. 'आरसिंक' या फोल्डरची नक्कल करणाऱ्या कमांडमध्ये मात्र त्याने अर्थ बदलतो.

'आरसिंक -ए फोटो बॅकअप' म्हटलं तर बॅकअपच्या आत 'फोटो' नावाचं फोल्डर तयार होतं. 'फोटो'पुढे स्लॅश असेल तर फोल्डर नाही, त्यातला ऐवज थेट बॅकअपमध्ये सांडतो. सोबत 'डिलीट' हा पर्याय असेल तर प्रकरण गंभीर. स्लॅश नसताना फक्त बॅकअपच्या आतल्या 'फोटो'मधलं जास्तीचं पुसलं जातं. स्लॅश असताना बॅकअपमध्ये जे जे काही आहे आणि 'फोटो'त नाही, ते सगळं जातं. तुमचे उतारे, पावत्या, सगळं.

कहर म्हणजे बॅश आणि झेडएसएच हे दुसरं शेल इथे वेगळे वागतात. बॅशमध्ये टॅबने लावलेला स्लॅश राहतो. झेडएसएचमध्ये टॅबनंतर स्पेस दाबली की तो स्लॅश आपसूक गळून पडतो, ऑटो-रिमूव्ह-स्लॅश नावाची सोय मुळातच चालू असते. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर झेडएसएच हेच डिफॉल्ट शेल आहे. म्हणजे मॅकवर आणि लिनक्स सर्व्हरवर त्याच कळा त्याच क्रमाने दाबल्या, तरी दोन वेगळ्या गोष्टी होणार. स्लॅश हवाच असेल तर झेडएसएचमध्ये तो हाताने टंकावा. आणि 'डिलीट' असलेली प्रत्येक ओळ आधी '-एन' लावून कोरडी, म्हणजे खरोखर काही न बदलता, चालवून बघावी.


जुनाट_टर्मिनल

प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.


टिचकी

अजून दोन किरकोळ. 'एसएसएच' या दूरच्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या कमांडपुढे सर्व्हरची नावं टॅबने येत नाहीत अशी तक्रार असते. डेबियन-उबुंटूवर नोन-होस्ट्स (ओळखीच्या सर्व्हरांची) फाइलीत नावं हॅश करून, म्हणजे न वाचता येणाऱ्या रूपात, ठेवतात, त्यातून टॅबला काही वाचता येत नाही. स्वतःच्या कॉन्फिग फाइलीत 'होस्ट'च्या नोंदी करा, येतील. आणि नेटवर्क ड्राइव्ह तुटलेला असताना त्याच्या पाथवर टॅब दाबलात तर टर्मिनल लटकतं. टॅब आतल्या नावांची वाट बघत बसतो.


नवशिकी_अनू

ती दोनदा टॅब दाबायची भानगड टाळता येते का? आणि कॅपिटल-स्मॉलची?


पाटीपेन्सिल

येते. होम डिरेक्टरीत 'इनपुटआरसी' नावाची फाइल करायची, आधी टिंब. त्यात दोन ओळी: 'सेट शो-ऑल-इफ-अँबिग्युअस ऑन' आणि 'सेट कम्प्लीशन-इग्नोर-केस ऑन'. इथल्या नियमामुळे नागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमन. पहिलीमुळे एकाच टॅबला यादी येते, दुसरीमुळे लहानमोठं अक्षर चालतं. ही फाइल मुळात नसेल तर सिस्टीमचीच, 'ईटीसी'तली, आत ओढून घेणारी 'इन्क्लूड' ओळ सर्वात वर टाका, नाहीतर होम-एंड कळांची जुनी सोय जायची.


नवशिकी_अनू

केलं. काही फरक नाही.


पाटीपेन्सिल

चालू टर्मिनलने फाइल अजून वाचलेली नाही. कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-आर दाब, किंवा नवं टर्मिनल उघड.


नवशिकी_अनू

आलं! एका टॅबला सगळी यादी. धन्यवाद.